एका खात्यातले काळे व्हिडिओ

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं की, आजीच्या हातून डिंगोऱ्याच्या आजोबांचे काही फोटो उडाले. मुलाने आईला सांभाळून घेतलं, ठीक आहे. पण ते फोटो नव्हते आणि ते उडालेही नाहीत. मी ते एकेक खूण करून पुसले. ही हकीकत पुढे कुणाकडून तरी अर्धीमुर्धी ऐकाल, त्यापेक्षा माझ्याकडून पुरती ऐकलेली बरी.

डिंगोऱ्याचे आजोबा म्हणजे माझे धाकटे दीर, आणि डिंगोऱ्याची आजी म्हणजे माझी जाऊ. गावाकडची शेती ते दोघं बघतात. मी जुन्नरला, तुमचे आजोबा गेल्यापासून एकटी. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे अर्धा तालुका मला ‘बाई’ म्हणतो. जाऊही बाईच म्हणते.

मागच्या खेपेला तुम्ही सगळे परदेशातून आलात तेव्हा तुमच्या बाबांनी माझ्यासाठी टॅब आणला आणि जावेसाठी फोन. दोन खाती काढा, दोन पासवर्ड लक्षात ठेवा, हे कोण करणार? म्हणून त्याने तिचा फोनही माझ्याच खात्यावर चढवला. आमची जमीन अजून एकत्र, सातबारा एक, गणपती एक, कुळाचार एक; तेव्हा खातंही एक असलं तर बिघडलं काय, असं सगळ्यांनाच वाटलं. पासवर्ड माझ्याकडे राहिला. “बाईंकडं हाय म्हंजी तिजोरीत ठेवल्यावानी,” जाऊ म्हणाली, आणि मला ते ऐकून बरं वाटलं, हे लपवत नाही.

एक खातं असण्याचा परिणाम असा झाला की, ती तिकडे जे टिपेल ते इकडे माझ्या टॅबवर येऊन बसायचं. मी माझे फोटो वर्षवार लावते. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर तुम्ही धापा टाकत बसलेले, वाढदिवस, तुमच्या शाळेचे कार्यक्रम, प्रत्येकाचा वेगळा अल्बम, वर नाव. त्या सगळ्यांत एक दिवस टोमॅटोचं करपलेलं पान यायचं. मग तेच पान आणखी जवळून. मग औषधाच्या बाटलीचा कागद, गाईची सुजलेली कास, मोटारीच्या स्टार्टरची पेटी, आणि कधी नुसता तिचा अंगठा. मला वाटायचं, माझ्या आवरलेल्या कपाटात कुणीतरी चिखलाची खुरपी आणून ठेवतंय.

गणपतीनंतर काळे व्हिडिओ यायला लागले. एक आला, मग रोज एकदोन. चित्र म्हणून काहीच नाही, उघडला तरी काळा, पुढे सरकवला तरी काळा. आणि लांबलचक. मी एक उघडून बघितला होता. बघितलाच फक्त. सकाळी सकाळी लोक जे गाजावाजा करणारे सुप्रभात पाठवतात त्यांना कंटाळून मी टॅबचा आवाज कायमचा बंद करून ठेवलेला असे. त्यामुळे मला काळं दिसलं आणि काही ऐकू आलं नाही, आणि मी ठरवून टाकलं की जावेच्या हातून बटण चुकून दाबलं जातंय.

दिवाळीत ती इकडे आली तेव्हा तिचा फोन भरून गेला होता, फोटो निघेना. मी तिला शेजारी बसवलं आणि ‘जागा मोकळी करा’ असं जिथे लिहिलेलं असतं तिथे बोट ठेवलं. फोन हलका झाला. तिच्या फोनातले फोटो-व्हिडिओ फोनातून निघाले आणि नुसते वरच्या साठ्यात राहिले. ती घाबरली.

“गेलं का समदं?”

“काही गेलं नाही. वर आहे. नेट असलं की दिसेल. फोन हरवला तरी जायचं नाही.”

“वरचं कोण सांभाळतंय पण?”

“मी,” असं म्हणाले मी.

जाता जाता मी तिला हेही सांगितलं की, अगं, तुझा व्हिडिओ चुकून चालू राहतो, बघत जा. ती जरा घुटमळली. “असू द्या बाई, राहू द्या ते,” एवढंच म्हणाली आणि पिशवी उचलली. त्या वेळी विचारायला हवं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला माझ्या टॅबवर तांबडी पट्टी आली. साठा भरत आला, आता नवीन काही उतरणार नाही. तुमचे बर्फातले फोटो अडकून पडले होते. त्यात तुमचा दोष शोधू नका. तुमच्या जागी दुसरं काहीही असतं तरी ती तांबडी पट्टी बघून मला चैन पडलं नसतं. सकाळचा चहा झाल्यावर मी टेबलाशी बसले. मोठ्या फाइली आधी दाखवा, असं सांगता येतं, ते सांगितलं. वरपासून खालपर्यंत काळे चौकोन. त्यांवर खुणा करत गेले. पुसले. पुसलेलं लगेच जात नाही, कचरापेटीत पडून राहतं आणि तिथेही जागा खातं, हे मला ठाऊक होतं. इतरांना ठाऊक नसतं म्हणून त्यांचे टॅब तुंबतात, असंही मला वाटायचं. मी कचरापेटी रिकामी केली. पट्टी हिरवी झाली. तुमचा बर्फ उतरला. मी तुमच्या बाबांना फोन करून हे ऐकवलं सुद्धा, आणि तो म्हणाला, “आई, तू आमच्याही पुढे गेलीस.”

दुसऱ्या दिवशी जावेचा फोन.

“बाई, माझ्या फोनातलं ते काळं काळं कुठं गेलं वो?”

“कसलं काळं?”

“व्हिडिओ. यांनी धरलेले. परवा व्हते, आज एक बी न्हाई.”

मला त्याच क्षणी समजलं. काय हरवलंय ते नाही, पण कुणी हरवलंय ते. आणि माझ्या तोंडून निघालं, “नेटचा घोळ असेल. फोन बंद करून चालू कर. रेंजमध्ये जाऊन बघ.”

हे वाक्य मला अजून खातं. पुसणं ही चूक म्हणता येईल; हे चूक नव्हतं.

तिने खरंच ते केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन आला तेव्हा तिला दम लागला होता. “किती येळा बंद-चालू केला बाई. स्लॅबवर गेले, मग टाकीवर चढले. हे खाली उभं राहून वरडत्यात, वरडत्यात कसलं, हातच हालवत्यात, उतर म्हणून. न्हाई आलं काय बी.” “त्याच्यात यांचा आवाज हाय, बाई.”

तेव्हा तिने जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. दिरांचा घसा बसलाय, एवढंच मला ठाऊक होतं, आणि मी ज्येष्ठमध चघळा, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, असं दोनतीनदा सांगून मोकळी झाले होते. गणपतीत जुन्नरच्या डॉक्टरांनी त्यांना पुण्याला पाठवलं होतं. तिथे घशातली गाठ निघाली, आणि स्वरयंत्र काढावं लागेल असं सांगितलं. पुढे बोलता येणार नाही. दीर आधी टोमॅटो संपू द्या म्हणाले, मग कांद्याची लागण होऊ द्या म्हणाले. मुलांना काळजी नको, आणि बाईंना सांगितलं तर त्या लगेच सगळीकडे फोन फिरवतील, म्हणून मलाही सांगायचं नाही असं दोघांचं ठरलं. आता ऑपरेशन पुढच्या आठवड्यावर आलं होतं.

तुम्ही शेतावर फार राहिलेले नाही, म्हणून एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे उसाच्या कडेने पाणी धरताना माणूस गप्प राहत नाही. बिबट्याला माणसाची चाहूल लागली की तो आपला बाजूने निघून जातो. न कळता समोरासमोर आला तर पंचाईत. म्हणून कुणी मोबाइलवर गाणी लावतं, कुणी शीळ घालतं. डिंगोऱ्याचे आजोबा बोलायचे. पाणी आत घ्यायला वाफ्याचं मातीचं दारं फोडायचं, वाफा भरला की बुजवायचं आणि सारखं बोलायचं. बिबट्याला ते ‘पावणं’ म्हणत. “पावणं, जरा आत सरा, हिकडं पाणी चाललंय.” “काल वस्तीवरलं कुत्रं खाल्लंत, आता चार दिस दम धरा की राव.” त्यात मोटारीला शिव्या, ढगाला शिव्या, आणि मधूनच बांधावरच्या गाईला लांबलेली हाक. ती गाय त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय पान्हा सोडायची नाही, धारेला बसायची जाऊ आणि बोलायचे ते.

म्हणून जावेने युक्ती काढली होती. व्हिडिओ चालू करायचा आणि फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकायचा. समोर धरला तर ते लाजून गप्प व्हायचे. खिशात असला की विसरायचे. कॅमेरा कापडाला टेकलेला, म्हणून सगळं काळं. ऑपरेशननंतर तोच फोन खिशात वाजवत पाणी धरायचं, गोठ्यात गाईजवळ ठेवायचा, असं त्यांचं ठरलं होतं. दिवाळीपर्यंत आवाज बरा होता, तोवरचं सगळं तिने भरून ठेवलं होतं. आता त्यांचा आवाज फुंकरीएवढा उरला होता.

फोनवर मला तिला खरं सांगता आलं नाही. मी आधी तुमच्या बाबांना गाठलं.

“ट्रॅशमध्ये असेल की, आई. तिथे राहतं बरेच दिवस.”

“ट्रॅश मी रिकामा केला.”

“मग काकीच्या फोनमध्ये मूळ असणारच.”

“दिवाळीत तिथली जागा मोकळी केली.”

“कुणी केली?”

“मी.”

“बरं,” तो म्हणाला. लहानपणी त्याने काही फोडलं तर मी अशीच ‘बरं’ म्हणायची, आणि त्या ‘बरं’ला तो किती घाबरायचा, हे मला त्या दिवशी समजलं. त्याने तिकडच्या मदत-केंद्राशी बोलून बघितलं. परत येणार नाही, असंच उत्तर मिळालं. माझा पेनड्राइव्ह होता, त्यात सगळं नीट लावलेलं, पण सगळं म्हणजे माझं आणि तुमचं. जावेचं काही मी कधी त्यात घेतलंच नव्हतं.

एसटीने डिंगोऱ्याला गेले. दोघं पडवीत लसूण निवडत बसली होती. जावेने फोन समोरच ठेवला होता, मी येऊन तो दुरुस्त करणार म्हणून. मी चप्पल काढली आणि उभ्याउभ्याच सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं.

“नेटचा घोळ नव्हता. मी पुसले ते. काळे दिसले म्हणून.”

जावेने हातातला लसूण सुपात टाकला. “पुसले म्हंजी? तुमी तर म्हणला, वरचं तुमी सांभाळताय.”

“हो.”

“ऐकलं बी न्हाई?”

“माझ्या टॅबचा आवाज बंद असतो.”

दीर हसले. हसण्याचा आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. मग खर्जातल्या खर्जात म्हणाले, “वहिनींनी त्या पावण्याला बी पुसला का काय. दोन दिस झालं, दिसला न्हाई.”

“तुमाला हसू येतंय,” जाऊ त्यांच्यावर उसळली. मग माझ्याकडे वळली. “आमच्या माहेरी आहुप्याच्या देवराईतली वाळकी काटकी बी कुणी घरी आणत न्हाई, बाई. पडली तर पडू दे, कुजू दे, ती राईची हाय. अडाणी माणसं आमी. अन् तुमी दुसऱ्याचं न इचारता झाडून टाकलं. वर मला टाकीवर चढाया लावलं.”

तिने लसणाचं सूप उचललं आणि ती गोठ्याकडे गेली. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून मी कधी चहाशिवाय परतले नव्हते. त्या दिवशी चूल पेटली नाही आणि गॅसही पेटला नाही, आणि ते योग्यच होतं.

मी तशीच उभी. दीर उठले, फावडं घेतलं. “वहिनी, आज दिवसाची लाइट हाय. कांद्याला पाणी चाललंय. टॅब आणलाय न्हवं? चला. उरलंसुरलं भरून घ्या.”

आता इथे मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही कळेल. जावेचा फोन पडवीतच होता, तो घ्यायचा, त्यांच्या खिशात टाकायचा आणि दूर जाऊन बसायचं. पण मला ते आता नीट करून दाखवायचं होतं. चेहरा दिसायला हवा, उजेड हवा, पुन्हा कुणाला काळं दिसायला नको. मी टॅब दोन्ही हातांत ताटासारखा धरला आणि बांधावरून त्यांच्या मागे मागे चालायला लागले.

“तोंडाकडं नगा धरू. मला बोलता यायचं न्हाई,” ते पाठ करून म्हणाले.

“चित्र यायला हवं ना. बोला तुम्ही. नेहमी बोलता तसं.”

“पावणं…” त्यांनी सुरुवात केली. पुढचं वाऱ्यात गेलं.

“थोडं मोठ्याने.”

“पावणं, जरा आत सरा…”

“हं, छान. आता गाईला हाक मारा.”

ते वाकून दारं फोडत होते आणि बोलत होते, पण त्यांच्या बोलण्याने आता मोकळं रान भरत नव्हतं. शेजारी ऊस दोन पुरुष उंच. त्यात कुठेतरी सळसळ झाली. वाराच असेल. पण मला जे माहीत होतं ते अंगात उतरलं, की इथे कुणीतरी मोठ्याने बोलत राहायला हवं, आणि त्यांना ते जमत नाही. मग मीच बोलायला लागले. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज लावून. “हं, पुढे! ते वाक्य अर्धं राहिलं, पूर्ण करा. स्पष्ट. पुन्हा एकदा गाईला! नाही, जरा लांबवून!”

ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. “वहिनी, परीक्षा हाय का?”

“नाही हो, पण ऐकू तर यायला हवं.”

“मग तुमीच जरा…” ते म्हणाले आणि पुढचं बोलले नाहीत. मला वाटलं, दम लागला. मी म्हणाले, “हं, बोला, बोला.” थोड्या वेळाने लाइट गेली, मोटार बंद पडली, आणि आम्ही परतलो.

त्यांना पुण्याला नेलं त्या दिवशी मी टॅबचा आवाज चालू केला आणि ते ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझा आवाज. ते बोलतात तिथे मी ‘हं’ म्हणते. ते श्वास घेतात तिथे मी सूचना देते. गाईला एक हाक त्यांनी खरोखर चांगली मारली आहे, घशातलं उरलेलं सगळं गोळा करून, आणि तिच्या बरोबर मधोमध मी “वा!” म्हटलंय. तुमच्या बाबांकडे पाठवलं. माणसांचे आवाज वेगळे करता येतात म्हणे. त्याने बराच खटाटोप केला, पण माझा काढला की त्यांचाही निघून जातो. माझा मोठा, त्यांचा त्याच्याखाली दबलेला.

ऑपरेशन नीट झालं. ते घरी आले आहेत, गळ्यात छोटी नळी आहे, तिच्यातून श्वास घेतात, आणि हळूहळू शेतात जायला लागले आहेत. तुमच्याशी व्हिडिओ कॉलवर ते येत नाहीत, याचं कारण राग नव्हे. नुसतं बसून बघत राहायला त्यांना संकोच वाटतो. जावेचं खातं आता वेगळं आहे. तुमच्या बाबांनी ते काढून दिलं आणि पासवर्ड तिने ठेवला. तिचं करपलेलं पान आता माझ्याकडे येत नाही. साठा किती रिकामा आहे ते मी बघायचं सोडलं आहे. माझ्याकडचं ते एकच रेकॉर्डिंग मी डिंगोऱ्याला जाऊन तिच्या फोनवर पाठवलं, आणि पाठवताना म्हटलं की हे ठेवू नकोस, ऐकवत नाही.

“राहू द्या बाई. तेवढंच हाय आता,” ती म्हणाली. चहाही केला होता तिने त्या दिवशी. मी तो अर्धा टाकला.

तर आता असं चालतं. दीर पाणी धरायला निघाले की ती फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकते आणि रेकॉर्डिंग लावते. ते पाटाच्या कडेने फावडं घेऊन गप्प चालतात आणि त्यांच्या छातीवरून मी ओरडत असते. स्पष्ट. पूर्ण करा. पुन्हा एकदा. शेजारच्या रानातली माणसं म्हणतात, “बाईंचा तास भरला!” दीर त्यांना हात करतात, हसतात. बिबट्याचं म्हणाल तर तो येत नाही; माझ्या आवाजाला तोही टरकला, असं सगळे म्हणतात.

परवा गेले होते तेव्हा मी बांधावर उभी राहून हे सगळं पाहिलं. गाय बाभळीखाली बांधलेली होती. मी बोलत होते तोवर ती गवत खात होती. त्यांची ती हाक आली तेव्हा तिने मान वर केली, कान ताठ केले, दोन पावलं दावं ताणून पुढे आली. मग माझा “वा!” आला, आणि ती वळून पुन्हा खायला लागली.